ताप, सांधेदुखी आणि स्मिअरमध्ये ब्लास्ट नाहीत: स्टेरॉइडआधी बोन मॅरो (अस्थिमज्जेची तपासणी) करावी का?

बालओपीडी

जाणकारांचं मत हवंय. ६ वर्षांचा मुलगा, वजन १८ किलो. ५ आठवड्यांपासून अधूनमधून ताप, ३८ ते ३८.५. आधी उजवा गुडघा दुखत होता, मग डावा घोटा, आता कंबर. रात्री रडत उठतो. गुडघ्यावर सूज जेमतेम, पण हात लावू देत नाही. आयबुप्रोफेनने चार-सहा तास बरं वाटतं.

हिमोग्लोबिन ९.१. पांढऱ्या पेशी ३,९००, त्यात न्यूट्रोफिल २२ टक्के, लिम्फोसाइट ७२ टक्के. प्लेटलेट १ लाख ७२ हजार. ईएसआर ८४, सीआरपी ४६. आरए फॅक्टर निगेटिव्ह, एएनए १:८० पॉझिटिव्ह. स्मिअरचा (काचेवर पसरलेल्या रक्ताचा) रिपोर्ट: "ब्लास्ट आढळले नाहीत", म्हणजे ल्युकेमियात दिसणाऱ्या अपरिपक्व पेशी नाहीत. गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल. यकृत बोटभर लागतं, प्लीहा लागत नाही. मानेत दोन-तीन लहान गाठी, त्या तर या वयात कुणालाही लागतात.

जेआयए (मुलांमधला संधिवात) धरून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड १ मि.ग्रॅ. प्रतिकिलो सुरू करावं असा विचार आहे. ब्लास्ट नसताना मॅरो सांगणं म्हणजे अति होतंय का? आणि जेआयएखेरीज अशी फसगत आणखी कुठे होते, तेही सांगा.

---

मॅरोवाला

प्रेडनिसोलोन थांबवा. मॅरो आधी.

तुमच्याच रिपोर्टमधले आकडे एकमेकांशी भांडताहेत. ईएसआर ८४ आणि सीआरपी ४६ असेल तर शरीरात दाह जोरात आहे. इतका दाह असलेल्या मुलाच्या प्लेटलेट चार-पाच लाखांवर जातात, पांढऱ्या पेशी वाढतात, न्यूट्रोफिल वरचढ होतात. इथे उलटं आहे. प्लेटलेट १.७२ लाख हा आकडा एरवी नॉर्मल, पण या ईएसआरच्या शेजारी तो कमीच समजायचा. न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा काढा: ३,९०० च्या २२ टक्के, म्हणजे साधारण ८६०. मॅरोत जागा उरलेली नाही, अशी शंका यायला एवढं पुरेसं आहे.

२००६ साली एएलएल (मुलांमधला नेहमीचा ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर) आणि जेआयए असलेल्या २७७ मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. ल्युकेमियाकडे बोट दाखवणाऱ्या तीन गोष्टी त्यात ठळक निघाल्या: पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली, प्लेटलेट दीड ते अडीच लाखांच्या दरम्यान, आणि रात्रीचं दुखणं. तुमच्याकडे तिन्ही आहेत. त्याच अभ्यासात ल्युकेमिया निघालेल्या मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांच्या रक्तात सुरुवातीला ब्लास्ट नव्हतेच. त्यामुळे "ब्लास्ट आढळले नाहीत" या ओळीवर विसंबून चालणार नाही.

एएनए १:८० निरोगी मुलांतही सर्रास सापडतं. आरए फॅक्टर तर लहान मुलांच्या बहुतेक जेआयएमध्ये निगेटिव्हच असतो. या दोन चाचण्या निदानाला मदत करण्यापेक्षा दिशाभूलच जास्त करतात, असं माझं मत.

आज करायच्या गोष्टी:

एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम), युरिक ॲसिड, पोटॅशियम, फॉस्फेट, कॅल्शियम, क्रिएटिनिन. एलडीएच दाहातही थोडंफार वाढतं. पण वरच्या मर्यादेच्या दुपटीपलीकडे असेल तर जेआयए म्हणणं कठीण. नॉर्मल आलं म्हणून ल्युकेमिया मात्र सुटत नाही.

छातीचा एक्स-रे, समोरून आणि बाजूने. तो मॅरोसाठी गुंगी देण्याच्या आधी. मेडियास्टिनममध्ये (दोन फुप्फुसांमधल्या जागेत) मोठी गाठ असेल तर उताणं झोपवून गुंगी दिल्यावर श्वासनलिका दबते, आणि मग ट्यूब घालूनही वाट मिळेलच असं नाही.

तपासणी पुन्हा, कपडे काढून. अंडकोष दोन्ही चाचपून बघा, ही जागा हमखास राहते. सांधा आणि हाड वेगवेगळं दाबा: गुडघ्याच्या फटीत दुखतं की फटीच्या चार बोटं वर मांडीच्या हाडावर? ल्युकेमियात दुखणं बहुधा हाडाच्या टोकाला असतं, सांध्यात कमी. मणक्यांवर एकेक करत हलकं टिचकवा. कंबर दुखतेय म्हणता, तर पाठीचा बाजूने एक्स-रे हवाच. चेपलेला मणका हे एएलएलचं पहिलं लक्षण असू शकतं.

गुडघ्याची फिल्मसुद्धा रेडिओलॉजिस्टला पुन्हा दाखवा, "ल्युकेमियाची शंका" असं सांगून. वाढीच्या पट्टीलगत आडवी फिकट पट्टी, हाडाच्या सालीवर पातळ रेघ, हे न सांगता बघितलं तर सुटतं.

तोवर दुखण्याला पॅरासिटामॉल, मोजून. गरज पडली तर मॉर्फिनसुद्धा द्या, त्याने निदान झाकलं जात नाही.

---

बालओपीडी

पटलं. पण समजा स्टेरॉइडचे चार-पाच डोस बाहेर कुणी दिलेच असतील, तर मॅरो करून उपयोग आहे का?

---

मॅरोवाला

आहे, आणि लगेच करायची. एएलएलच्या पेशी स्टेरॉइडने काही दिवसांतच मरायला लागतात. म्हणून ताप उतरतो, मूल खेळायला लागतं आणि सगळे म्हणतात, बघा, संधिवातच होता. मग काही आठवड्यांनी डोस कमी केला की दुखणं परत येतं.

नुकसान तीन प्रकारचं. एक, मॅरो अर्धवट साफ झाल्यावर निदान निसटतं. अशा वेळी नॉर्मल मॅरोवर निश्चिंत न होता दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघावं लागतं. दोन, एएलएलची जोखीम सुरुवातीच्या पांढऱ्या पेशी, मेंदूपाण्यातल्या पेशी आणि उपचाराला मिळालेला पहिला प्रतिसाद यांवरून ठरते. आधी स्टेरॉइड गेलेलं असेल तर हे सगळं धूसर होतं, आणि मुलाला कदाचित गरजेपेक्षा कडक उपचार द्यावे लागतात. तीन, पेशी एकदम फुटल्या तर ट्यूमर लायसिस: पोटॅशियम आणि फॉस्फेट चढतं, कॅल्शियम उतरतं, मूत्रपिंड बंद पडतं. ओपीडीतून गोळ्या घेऊन घरी गेलेल्या मुलावर लक्ष ठेवायला तिथे कुणी नसतं.

दिलं असेल तर औषधाचं नाव, डोस, पहिल्या आणि शेवटच्या डोसची तारीख चिठ्ठीवर लिहा. खोकल्याच्या, दम्याच्या, ॲलर्जीच्या नावाखाली गेलेलं डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनही विचारा. लाजेखातर हे लपवलं जातं आणि भोगतं मूल. औषध परस्पर बंद करायचं की नाही, तेसुद्धा कॅन्सर विभागाला फोन करून ठरवा.

आणि जेआयएत देतात ते मेथोट्रेक्सेट स्टेरॉइड नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ते एएलएलच्याच उपचारातलं औषध आहे.

---

स्लाइडघर

स्मिअरबद्दल चार शब्द, कारण "ब्लास्ट नाहीत" हा रिपोर्ट कसा तयार झाला हे कुणी विचारत नाही.

मशीन ब्लास्ट ओळखत नाही, फार तर शंकेचा फ्लॅग देतं. लहान, गोल, जेमतेम सायटोप्लाझम असलेला लिम्फोब्लास्ट ते खुशाल लिम्फोसाइटमध्ये मोजतं. साधारण चार-पाच वर्षांपर्यंत लिम्फोसाइट जास्त असणं स्वाभाविक, पण सहाव्या वर्षी ७२ टक्के म्हटल्यावर स्लाइड माणसाने बघायलाच हवी. फॉर्मवर नुसतं "सीबीसी" लिहू नका. "ताप, हाडदुखी ५ आठवडे, ल्युकेमियाची शंका, स्मिअर हाताने बघावा" एवढं लिहिलं की बघणारा १०० पेशींवर थांबत नाही. पांढऱ्या पेशी कमी असतील तर बफी कोटचा (रक्त फिरवून वेगळ्या केलेल्या पांढऱ्या पेशींच्या थराचा) स्मिअर मागा. मोठ्या पेशी स्लाइडच्या कडांना आणि शेपटीकडे ढकलल्या जातात, तिथे बघावं लागतं. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त दोनेक तासांहून जुनं झालं की पेशी फुगतात, त्यांचे आकार बिघडतात, आणि मग चांगल्या पेशीही ब्लास्टसारख्या दिसतात. उलटी चूकही होते: ग्लँड्युलर फिव्हर या विषाणूच्या तापातल्या मोठ्या निळसर लिम्फोसाइटना ब्लास्ट म्हणून घराची झोप उडवली जाते.

ब्लास्ट नसले तरी केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी, अश्रूच्या थेंबासारख्या पेशी, आणि डावीकडे सरकलेल्या अपरिपक्व पांढऱ्या पेशी एकत्र दिसल्या तर मॅरोत काहीतरी घुसलंय. ते ल्युकेमियाच असेल असं नाही. पाच वर्षांखालच्या मुलात न्यूरोब्लास्टोमा (मज्जापेशींची, बहुधा पोटातली कॅन्सरची गाठ) डोक्यात ठेवा.

आता मॅरो. पहिला खेच अर्धा मिलिलिटरपेक्षा जास्त नको, तो फक्त स्लाइडसाठी. एकदम पाच मिलिलिटर ओढले की मॅरोऐवजी रक्तच येतं आणि ब्लास्टचं प्रमाण खोटं कमी दिसतं. स्लाइड तिथेच, बेडशेजारी ओढायच्या, आठ-दहा तरी. मग दुसऱ्या खेचात ईडीटीएमध्ये दोनेक मिलिलिटर फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचा प्रकार ओळखायला), आणि सोडियम हेपारिनमध्ये तेवढंच सायटोजेनेटिक्ससाठी (गुणसूत्रं बघायला). सुई अडली आणि काहीच आलं नाही तर "ड्राय टॅप" लिहून घरी जाऊ नका. गच्च भरलेली मॅरो खेचली जात नाही, हीच मोठी खूण आहे. ट्रिफाइन (जाड सुईने मॅरोसकट हाडाचा तुकडा) घ्या, तो तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी स्लाइडवर हलकेच टेकवून ठसे घ्या.

आणि कृपा करून फॉर्मलिनची उघडी बाटली न रंगवलेल्या स्लाइडशेजारी ठेवू नका, एकाच पिशवीतून पाठवूही नका. नुसत्या वाफेने स्मिअर निळसर, धुरकट रंगतो, पेशींचं केंद्रक वाचता येत नाही. ट्रेमध्ये दोन्ही शेजारी ठेवलेले असतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

---

सांधेविभाग

वरच्या सगळ्याशी सहमत, पण उद्यापासून गुडघा सुजलेल्या प्रत्येक मुलाची मॅरो सुरू होऊ नये म्हणून लिहितो.

दोन-तीन वर्षांची मुलगी, एक गुडघा टम्म सुजलेला, सकाळी उठल्यावर तासभर लंगडते, दुपारी पळते. दुखतं का विचारलं तर नाही म्हणते. ताप नाही, प्लेटलेट पाच लाख. हा जेआयए आहे, मॅरोची गरज नाही. पाहायचं ते हे की जेआयएमध्ये सूज जास्त आणि दुखणं कमी, ल्युकेमियात दुखणं जास्त आणि सूज कमी. जेआयएचा त्रास सकाळी आखडण्याचा, ल्युकेमियाचा रात्री झोपमोड करण्याचा.

सिस्टेमिक जेआयए हा प्रकार वेगळा. त्यात रोज ठरावीक वेळी ३९ च्या वर चढून पुन्हा नॉर्मलवर येणारा ताप, तापाबरोबर उमटणारे फिकट गुलाबी चट्टे, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट भरपूर वाढलेल्या. अशा मुलाच्या पेशी अचानक घसरल्या तर मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन (प्रतिकारशक्ती बेफाम होऊन रक्तपेशी नष्ट होणं) असू शकतं, फेरिटिन हजारोंत जातं. पण तिथेही स्टेरॉइडचा मोठा डोस देण्याआधी मॅरो बघून घेणंच शहाणपणाचं. मूल फार अत्यवस्थ असेल तर मॅरो आणि उपचार यांत काही तासांचंच अंतर असावं, आठवड्याचं नव्हे.

"वाढीचं दुखणं" हा शिक्का मारण्याआधी: दोन्ही पाय दुखतात का, दुखणं पोटऱ्या-मांड्यांत आहे का, सकाळी पूर्ण गायब होतं का, दिवसा लंगडणं अजिबात नाही ना, तपासणी आणि सीबीसी साफ आहे ना? एकही उत्तर "नाही" आलं तर तो शिक्का लावू नका. एकाच बाजूचं, एकाच जागेचं दुखणं वाढीचं नसतं.

---

हाडवैद्य

एकाच जागेच्या दुखण्यावरून: ऑस्टिओमायलायटिस (हाडातला जंतुसंसर्ग) समजून महिना-दोन महिने अँटिबायोटिक खाल्लेलं यूइंग सार्कोमा (हाडाचा कॅन्सर) हा आमच्या शाखेतला नेहमीचा घोटाळा. ताप येतो, ईएसआर-सीआरपी वाढतं, जागा लाल-गरम होते, चिरा दिला तर आतून पिवळट पातळ द्रव निघतो. तो पू नसतो, मेलेल्या गाठीचा चोथा असतो. कल्चर कोरं येतं, मग "आधी अँटिबायोटिक दिलं होतं म्हणून" असं समाधान करून घेतलं जातं.

फरक कुठे दिसतो? तीव्र ऑस्टिओमायलायटिस दिवसांत वाढतो, यूइंग आठवडे-महिने कमीजास्त होत राहतं. योग्य अँटिबायोटिकवर ४८ ते ७२ तासांत ताप आणि सीआरपी उतरायला लागलं नाही तर औषध बदलण्याआधी निदानावर शंका घ्या. एमआरआयमध्ये हाडाबाहेर मोठा, भरीव, आतपर्यंत कॉन्ट्रास्ट घेणारा मांसल भाग दिसला तर गाठ. कडेनेच कॉन्ट्रास्ट घेणारी पोकळी दिसली तर गळू. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पेरिऑस्टिअल रिॲक्शन (हाडाच्या सालीवरचे नवे थर) दोन्हींत दिसते, तिच्यावर विसंबू नका. एमआरआय संपूर्ण हाडाचा, वरच्या-खालच्या सांध्यासकट, आणि बायोप्सीच्या आधी. नंतरच्या सुजेत गाठीची हद्द कळत नाही.

जुना नियम पक्का धरा: पू वाटलं तरी तुकडा पॅथॉलॉजीला, गाठ वाटली तरी तुकडा कल्चरला.

बायोप्सी मात्र शक्यतो त्याच केंद्रात, जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे. सुईची वाट पुढे गाठीसोबत कापून काढायची असते. वाट भलत्या कप्प्यातून गेली तर वाचवता येणारा पायही धोक्यात येतो. उघडी बायोप्सी करावीच लागली तर चीर उभी, आडवी कधीच नको. रक्तस्राव पूर्ण थांबवायचा, कारण रक्त जिथवर पसरतं तिथवर पेशी जातात. ड्रेन ठेवला तर चिरेच्या रेषेत आणि जवळ. किरकोळ धक्क्याने मोडलेल्या हाडात बायोप्सीशिवाय रॉड तर मुळीच नाही: गाठ असेल तर ती हाडाच्या संपूर्ण पोकळीत पसरवलीत.

लॅबला सांगा: तुकडा तीव्र आम्लात डीकॅल्सिफाय केला तर ईडब्ल्यूएसआर१ची (यूइंग ओळखायच्या जनुकाची) तपासणी फसते. मऊ भाग आधीच वेगळा काढून ठेवायचा, नाहीतर ईडीटीएने डीकॅल्सिफाय करायचं.

---

बालओपीडी

आभार. मानेच्या गाठी टीबीच्या म्हणून औषधं सुरू असलेली मुलंही येतात. तिथे कधी थांबायचं?

---

स्लाइडघर

कॉलरबोनच्या वरची गाठ कितीही लहान असो, थांबूच नका, बायोप्सी. इतरत्र २ सें.मी.पेक्षा मोठी, रबरासारखी घट्ट, न दुखणारी, चार-सहा आठवड्यांत न उतरलेली असेल तरी तेच. एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणं) टीबी शोधायला बरी, हॉजकिन लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) नाकारायला नाही. हॉजकिनची खूण असलेल्या रीड-स्टर्नबर्ग पेशी एकूण पेशींच्या जेमतेम एक टक्का असतात, सुईत आल्या तर आल्या. शिवाय हॉजकिनच्या गाठीत ग्रॅन्युलोमाही (टीबीत दिसतात तसे दाहपेशींचे पुंजके) होतात. म्हणजे "ग्रॅन्युलोमा दिसले" यावरून टीबी सिद्ध होत नाही. जीवाणू दिसला, वाढला किंवा जीनएक्सपर्टमध्ये (टीबीच्या जनुकीय चाचणीत) सापडला तर गोष्ट वेगळी.

गाठ अख्खी काढायची, सोपी सापडते ती नव्हे तर सगळ्यांत मोठी किंवा संशयास्पद. ताजी असतानाच कापून एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये कल्चर आणि जीनएक्सपर्टला, एक फ्लोसाठी, उरलेली फॉर्मलिनमध्ये. सगळी गाठ फॉर्मलिनमध्ये बुडवली की टीबीचं कल्चर कायमचं गेलं.

---

मॅरोवाला

आणि टीबीच्या औषधांवर गाठ वाढली तर "पॅराडॉक्सिकल रिॲक्शन" (उपचार लागू पडत असूनही गाठ तात्पुरती वाढणं) म्हणून स्टेरॉइड जोडण्याची सवय. असं होतं खरं, पण टीबी सिद्ध झालेला असेल तरच तो शब्द वापरा. लिम्फोमाही स्टेरॉइडवर सुंदर विरघळतो. तसंच मोठ्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच घरघर, आडवं झाल्यावर वाढते, सकाळी चेहरा फुगतो, पंपाने फरक नाही: तोंडातून स्टेरॉइड देण्याआधी छातीचा एक्स-रे. टी-सेल लिम्फोमा दमा म्हणून असाच चार-चार कोर्स निभावून नेतो.

आयटीपीतही (प्रतिकारशक्तीमुळे फक्त प्लेटलेट कमी होण्याच्या आजारातही) हेच. अंगावर ठिपके, पण मूल ठणठणीत, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी नॉर्मल, स्मिअर जाणत्याने बघितलेला, गाठी-प्लीहा नाही, तर मॅरो नको. यातलं काही एक बिघडलेलं असेल आणि स्टेरॉइड द्यायचं असेल तर आधी मॅरो.

न्यूरोब्लास्टोमाच्या दोन जागा सांगून ठेवतो. मार लागल्याचा इतिहास नसताना दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं: पालकांवर संशय घेण्याआधी, किंवा निदान त्याबरोबरच, पोटाची सोनोग्राफी आणि लघवीत व्हीएमए-एचव्हीए (या गाठीतून लघवीत उतरणारी द्रव्यं). दुसरी, डोळे सैरावैरा उडतात, अंगाला झटके बसतात, मूल चिडचिडं आणि तोल जातो. याला विषाणूनंतरचा अटॅक्सिया (तोल जाणं) म्हणून सोडू नका. या प्रकारात लघवीची चाचणी बऱ्याचदा नॉर्मल येते, म्हणून मान ते ओटीपोट असा स्कॅन लागतो.

सकाळच्या उलट्या दोन आठवड्यांहून जास्त चालल्या तर ॲसिडिटीचं औषध बाजूला ठेवा. चाल, मानेचा कल आणि डोळ्यांचा पडदा बघा, मेंदूत गाठ नाही ना यासाठी एमआरआय करा. पोट साफ होत नाही म्हणून उलट्या, हे मी तरी कारण मानत नाही.

---

बालओपीडी

एलडीएच १,१४०, आमच्या लॅबची वरची मर्यादा ३००. युरिक ॲसिड ६.९. पोटॅशियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन नॉर्मल. एक्स-रेत मेडियास्टिनम रुंद नाही, पण कमरेचा दुसरा मणका चेपलेला. स्टेरॉइड दिलेलं नाही. उद्या पाठवतोय. आई-वडिलांना काय सांगू?

---

मॅरोवाला

उद्या नको, आजच फोन करून जागा ठरवा. रात्री ताप ३८.३ च्या वर गेला तर न्यूट्रोफिल कमी आहेत हे लक्षात ठेवून रक्ताचं कल्चर घ्या आणि शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करा. दंडात-मांडीत इंजेक्शन नको. सलाइन लावलं तर त्यात पोटॅशियम घालू नका. मणका चेपलाय, त्यामुळे उचलताना काखेत धरून लटकवू नका, पाय सुन्न होणं किंवा लघवी अडणं याबद्दल प्रत्येक वेळी विचारा.

आई-वडिलांना "ल्युकेमिया" हा शब्द तुमच्या तोंडून ऐकू द्या, नाहीतर ते तो फॉर्मवर वाचतील. म्हणा: "सांध्यांचा आजार असू शकेल, पण तसाच दिसणारा रक्ताचा कॅन्सर, ल्युकेमिया, आहे का हे आधी बघावं लागेल. ते मॅरोनेच कळतं. ते कळेपर्यंत स्टेरॉइड कुणीही दिलं तरी घेऊ नका, आम्हाला फोन करा." टक्केवारी, उपचारांची वर्षं, यातलं आत्ता काही नको. विचारलं तर एवढंच सांगा की एएलएल निघाला तरी मुलांमध्ये तो बरा होण्याचं प्रमाण चांगलं आहे.

सोबत न रंगवलेल्या दोन-तीन स्लाइड, आधीचे सगळे सीबीसी तारखांसकट, एक्स-रेच्या मूळ फिल्म किंवा सीडी, आणि गेल्या दोन महिन्यांतल्या प्रत्येक औषधाची यादी. "स्टेरॉइड दिलेलं नाही" हे वेगळ्या ओळीत लिहा, खाली सही करा.